उभी फळी

हवाईतल्या माउई बेटावर कोंबड्यांना मालक नसतो आणि वेळेचं भान तर त्याहून नसतं. मोकाट फिरतात, कुणाच्याही कुंपणावर चढतात, मनात येईल तेव्हा आरवतात. इवालानीचा, सगळ्यांच्या इवाचा, त्यांच्यावर खास राग होता. माहितीपट करणाऱ्या बाईला दोन गोष्टी हव्या असतात, बरा उजेड आणि गप्प जग. उजेड बेटावर मुबलक होता.

त्या दुपारी नाहोआच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कॅमेरा लावून उभी होती. समोर नाहोआ, अंगात काळं जाकीट, चेहरा शाळेत फोटोला बसवल्यासारखा. पेआहीच्या किनाऱ्यावरच्या डोंगराएवढ्या लाटांवर फळी घेऊन उतरणारा हा दांडगा गडी. जगभरातली मासिकं त्याचे फोटो छापत, पण कॅमेरा जवळ आला की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. इवा तीन हिवाळे त्याच्या मागे होती, तरी त्याची भीड चेपलेली नव्हती.

"ओढू?" त्याने विचारलं.

"ओढ. आणि माझ्याकडे बघू नकोस."

"मग कुणाकडे बघू?"

"रेजीकडे बघ."

"त्याच्याकडे बघून चेहरा सरळ कसा राहील?"

रेजी नाकामुरा कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसून संत्रं सोलत होता. नाहोआला जेट-स्कीच्या मागे दोरीने ओढत न्यायचं, लाटेवर सोडायचं, आणि तो बुडाला की उचलून आणायचं, हे त्याचं काम. दोघं एका शाळेत नापास झालेले. "माझ्या तोंडाकडे बघूनच तू आजवर जिवंत आहेस," रेजी म्हणाला आणि संत्र्याची फोड तोंडात टाकली.

जाकिटाच्या छातीवर लाल मुठी असतात. पाण्याखाली कोंडी झाली की मूठ ओढायची. आतली वायूची नळकांडी फुटतात, जाकीट टम्म फुगतं आणि माणसाला वर आणतं. एकदा फुटलेलं नळकांडं पुन्हा कामाचं नाही, नवं बसवावं लागतं. हेच सगळं इवाला चित्रात हवं होतं. लोकांना वाटतं ही माणसं वेडी आहेत. किती सावध असतात ते लोकांना दिसावं, एवढीच तिची इच्छा होती.

नाहोआने मूठ ओढली. फुस्स करून जाकीट फुगलं, आणि नेमका त्याच क्षणी शेडच्या पत्र्यावरून कोंबडा आरवला.

"मेल्या," इवा कोंबड्याला म्हणाली. मग नाहोआला म्हणाली, "पुन्हा करायचं."

"पुन्हा? अगं, ही नळकांडी काय झाडाला लागतात?"

"आवाज खराब आला. एकदाच."

नाहोआ कुरकुरला, पण त्याने कपाटातून नवी नळकांडी काढली, जुनी फिरवून काढली, नवी बसवली, दोनदा दाबून पाहिली. ते करताना त्याचे हात इतके निवांत आणि नेटके चालत होते, की इवाने तेही टिपलं. बाकावर आणखी नवी नळकांडी ठेवली होती ती कॅमेऱ्यात चकाकत होती, म्हणून तिने ती उचलून आपल्या खिशात टाकली. नाहोआने पुन्हा मूठ ओढली. या वेळी कोंबडा गप्प बसला आणि दृश्य सुरेख आलं.

इतक्यात रेजीचा फोन वाजला. वायव्येला खोल समुद्रात तरंगून लाटा मोजणाऱ्या यंत्राचे आकडे आले होते. रेजीने ते वाचले, संत्रं खाली ठेवलं आणि फोन नाहोआच्या पुढे धरला. मग एकच धांदल उडाली. स्कीची टाकी भरायची, दोर तपासायचे, कुणाकुणाला फोन. नाहोआने जाकीट दाबून दाबून चपटं केलं आणि खुंटीला टांगलं. नवी नळकांडी त्याने बसवली होतीच. स्वतःच्या हाताने बसवली होती. ती त्यानंतर पुन्हा फोडली, हे त्या गडबडीत तो विसरला, रेजी विसरला आणि इवाही विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिकोच्या धक्क्यावर सगळे गोल करून हात धरून उभे राहिले. नाहोआची आई व्हर्ना मावशी हिने प्रार्थना म्हटली. बेटावरचं निम्मं गाव तिला मावशी म्हणे आणि उरलेलं निम्मं तिला वचकून असे. प्रार्थना संपल्यावर तिने टी नावाच्या झाडाचं, राखण करतं असं मानलेलं हिरवं पान स्कीच्या बैठकीखाली खोवलं, मुलाच्या गालावर हलकी चापट मारली आणि रेजीला म्हणाली, "दोघं जाताय, दोघं या. एकटा आलास तर जेवायला मिळणार नाही."

"मावशी, माझ्या जेवणावर कशाला उठतेस?" रेजी म्हणाला.

दोघं पाण्यात गेले. इवा मावशीला आपल्या गाडीत घालून कड्यावर घेऊन आली. जुन्या अननसाच्या शेतातून जाणारा तो तांबडा रस्ता चिखलाने माखला होता, आणि कड्यावर आधीच गर्दी जमली होती. इवाने तिवई रोवली, कॅमेऱ्याला हातभर लांब लेन्स चढवली, रेजीच्या कानाशी जोडलेली वॉकीटॉकी कंबरेला लावली. व्हर्ना मावशी गाडीच्या मागच्या फाळक्यावर डोंगराकडे तोंड करून बसली आणि मांडीवर फुलं घेऊन माळ ओवू लागली.

समुद्राकडे पाठ करू नये, हे बेटावर रांगत्या पोराला शिकवतात. मावशीनेच किती पोरांना शिकवलं होतं. पण मुलगा लाटेवर गेला की ती दर वेळी कड्यावर येई आणि दर वेळी पाठ करून बसे. तिला त्याबद्दल विचारायची छाती कुणाची नव्हती. इवाची तर नव्हतीच.

नाहोआला मात्र इवाने एकदा विचारलं होतं. खाली अडकलास की किती वेळ जातो, घाबरत नाहीस का. त्याने मान खाजवली होती.

"वेळ कोण मोजतं? मी नावं म्हणतो," तो म्हणाला होता. "आईने लहानपणी पाठ करून घेतलीत. आधी वडील, मग आजोबा, मग त्यांचे वडील. हळूहळू म्हणायची, एकेकाचा चेहरा आठवून. ज्यांना पाहिलं नाही त्यांचा चेहरा बनवायचा. तेवढ्यात वर येतो. पणजोबांच्या पुढे कधी जावं लागलं नाही. मग काय घाबरायचं? दोन म्हाताऱ्यांना भेटून यायचं."

कड्यावरून समुद्र आधी शांतच दिसे. मग लांब क्षितिजापाशी एक जाड रेघ उठे. ती जवळ येताना रुंद होई, काळी होई, आणि खडकावर आली की सगळं पाणी एकदम उभं राही. पायाखालची माती आधी हले, आवाज मागाहून येई. इवाचा जन्म इथलाच. अशा लाटा तिने लहानपणापासून पाहिल्या होत्या, तरी दर वेळी तिचे डोळे भरून येत. भीतीने नव्हे. एवढं प्रचंड काही आपल्यासाठी घडत नाही. कड्यावर काळं कुत्रं नसतं तरी ते असंच, एवढ्याच थाटात घडलं असतं. तरीही ते आपल्याला बघायला मिळतं, याचं तिला नवल वाटे. वादळं कुठल्या कुठे जन्मतात, वारे कुठून वाहतात, आणि त्यांचं देणं इथे या खडकावर पोचतं. त्या उभ्या पाण्यावर एक माणूस पायांवर उभा राहतो, हे तर तिला अजूनही खरं वाटत नसे.

त्या दिवशीच्या लाटांसारख्या लाटा तिने कधी पाहिल्या नव्हत्या. गर्दी ओरडायचंही विसरली होती. लोक नुसते उभे होते, कुणी डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली.

खाऱ्या तुषारांनी लेन्स धूसर झाली. पुसायचं फडकं काढायला इवाने कालच्याच कोटाच्या खिशात हात घातला, आणि बोटांना गार लोखंड लागलं.

तिने ते बाहेर काढलं. नळकांडी. नवी, भरलेली, कुणी न फोडलेली.

तिला सगळं एकदम आठवलं. कोंबडा, दुसऱ्यांदा ओढलेली मूठ, वाजलेला फोन. खाली दूर काळ्या पाण्यात स्की वळत होती आणि तिच्या मागे दोर धरून नाहोआ उभा होता, छातीवर लाल मुठी असलेलं रिकामं जाकीट घालून.

तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "रेजी, त्याला थांबव. जाकिटात हवा नाही."

"काय? वारा आहे गं."

"जाकीट रिकामं आहे. नळकांडी माझ्याकडे आहेत. त्याला सोडू नकोस."

पलीकडे नुसती घरघर ऐकू आली. मग रेजी म्हणाला, "सोडला."

नाहोआ लाटेवर होता. त्याने दोर केव्हाच टाकला होता आणि तो उतरत होता, उतरतच होता, आणि ती भिंत संपत नव्हती. इवाचा डोळा सवयीने कॅमेऱ्याला लागलेला. ती घाबरली होती, आणि तरी, देवाशपथ, ती थक्क होऊन बघत होती. तो इतका लहान होता. मागे पाण्याचा कडा, त्यावर सूर्य, आणि तळाशी एवढासा माणूस गुडघे वाकवून, जणू आपल्या अंगणात उभा. मग लाटेचा माथा पुढे झुकला. फळीखाली पाण्याचा एक उंचवटा आला, फळी उडाली, नाहोआ पाठीवर आपटला आणि सगळा कडा त्याच्यावर कोसळला.

कड्यावरची माणसं गप्प झाली.

आता मूठ ओढेल, इवाला वाटलं. ओढेल आणि काहीच होणार नाही. खाली त्या अंधारात त्याला ते कळेल. पांढऱ्या फेसाशिवाय काही दिसत नव्हतं, आणि मागून दुसरी लाट उठत होती.

तेवढ्यात फेसातून फळी वर आली. आडवी नव्हे, उभी. शेंडा आभाळाकडे, थरथरत. माणूस खोल गेला आणि पायाला बांधलेली दोरी ताणली की फळी अशी उभी राहते. हे लोक तिला थडग्याचा दगड म्हणतात. हसत म्हणतात, किनाऱ्यावर बसून.

"रेजी, फळी उभी आहे," इवा म्हणाली. "तुझ्या उजव्या हाताला. कड्याच्या बाजूला."

"मला दिसत नाही. मध्ये पाणी आहे सगळं."

"मला दिसतंय. मी सांगते तसा चल. आणखी उजवीकडे. थांब, दुसरी येतेय, बाहेर हो. बाहेर हो आधी."

दुसरी लाट फळीवरून गेली. फळी गडप झाली आणि पुन्हा उभी राहिली, पहिल्यापेक्षा कड्याजवळ. तिथे खडक होते. मग गर्दीतून एक आवाज उठला, आणि इवाला न बघताच कळलं की तिसरी येतेय, आणि ती या दोघींपेक्षा मोठी आहे. नंतर लोक कितीतरी दिवस त्या लाटेबद्दल बोलत होते. त्या हिवाळ्यातली सगळ्यात मोठी लाट होती ती. एक परदेशी पोरगा तिच्यावरून तरून गेला आणि त्याचं नाव झालं. कड्यावरचा प्रत्येक कॅमेरा तिच्याकडे वळला. इवाने आपला तसूभर हलवला नाही. तिच्या चौकटीत एक फळी होती आणि तिच्याखाली कुठेतरी नाहोआ होता. ती चौकट सुटली असती तर त्याला शोधणारं या जगात कुणी नव्हतं.

"सरळ ये. सरळ. थोडा डावीकडे," ती म्हणत होती. तिला वाटत होतं की आपण शांतपणे बोलतोय. "फळी पडली, रेजी. आडवी झाली. दोरी सैल झाली. तिथेच बघ. तिथेच आहे तो, मी सांगते ना, तिथेच."

एक डोकं वर आलं. आलं आणि पुन्हा गेलं, आणि पुन्हा आलं. स्की तिथे पोचली, रेजीचा हात खाली गेला, आणि काळं जाकीट स्कीच्या मागे बांधलेल्या तराफ्यावर ओढलं गेलं. मागून तिसरी लाट फुटत होती. रेजीने स्कीची मूठ पिळली आणि फेसाच्या पुढे, अगदी हातभर पुढे, दोघं मोकळ्या पाण्यात निसटले.

कड्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. इवा चिखलात खाली बसली. फाळक्यावर व्हर्ना मावशीने माळेची गाठ मारली आणि दाताने दोरा तोडला.

धक्क्यावर नाहोआ भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळे, डोळे लाल, अंगावर कुणीतरी टाकलेलं घोंगडं. इवा त्याच्यासमोर गेली आणि तिने नळकांडी त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. "मूठ मी ओढली," तो म्हणाला. "परत ओढली. मला वाटलं, माझे हातच चालत नाहीत."

"मी तुला दुसऱ्यांदा करायला लावलं."

"आणि मी बसवायला विसरलो. जाकीट माझं आहे." तो खोकला. "त्या कोंबड्याला मात्र मी सोडणार नाही."

रेजी हसला नाही. तो पाठ फिरवून स्की धूत होता. "माझ्याशी संध्याकाळपर्यंत कुणी बोलू नका," तो म्हणाला आणि धूत राहिला, स्की स्वच्छ झाल्यावरही.

संध्याकाळी मावशीच्या स्वयंपाकघरात मटणाचं कालवण, भात आणि अळूच्या कंदांच्या लगद्याचं, पोईचं, मोठं भांडं होतं. दोघं आले होते, म्हणून रेजीलाही जेवायला मिळालं. इवाने भरलेलं ताट सरकवलं आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या मावशीला सगळं सांगितलं. तिच्या हट्टापायी जाकीट रिकामं राहिलं होतं, हेही सांगितलं. काही वगळलं नाही.

मावशीने डाव ठेवला. इवाला वाटलं, आता घराबाहेर काढेल, आणि काढलं तर बरंच.

"पुढच्या वेळी कोंबडा ओरडला तर ओरडू दे," मावशी म्हणाली. "जेव आता."

जेवण झाल्यावर नाहोआ म्हणाला, "दाखव मला."

"मोठी लाट माझ्याकडे नाही. तू उतरलास ते आहे. मग नुसतं पांढरं पाणी."

"तेच दाखव."

इवाने पडदा टेबलावर उभा केला. ते उतरणं सुंदर होतं. रेजीने शीळ घातली. मग लाट कोसळली, आणि इवाचा हात सवयीने बटणाकडे गेला. सगळे हा भाग कापतात. माणूस पडतो, ढोल वाजतात, आणि पुढच्या चित्रात तो हसत वर आलेला असतो. तिनेही आजवर कापलं होतं. नाहोआने स्वतःचे कितीतरी चित्रपट पाहिले होते, पण हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"राहू दे," तो म्हणाला.

फळी उभी राहिली. तिच्यावर इवाचा आवाज येत होता. शांत अजिबात नव्हता, ती रडत होती. फळी थरथरत होती. दुसरी लाट आली. फळी पुन्हा उभी राहिली. स्वयंपाकघरात कुणी हललं नाही. नाहोआ पुढे वाकला, मग मागे झाला, मग त्याने हात तोंडावर धरला. वर यायला एवढा वेळ लागतो आणि तेवढा वेळ वर माणसं असतात, हे त्याच्या ध्यानात पहिल्यांदाच येत होतं.

व्हर्ना मावशी चुलीपासून वळली होती. इतकी वर्षं लाटांकडे पाठ करून बसलेली ती बाई पडद्याकडे तोंड करून उभी होती.

"एवढाच वेळ जातो, दर वेळी," ती म्हणाली. "लोक गप्प होतात ना, ते मला ऐकू येतं."

नाहोआने तिच्याकडे पाहिलं. पडद्यावर त्याचं डोकं वर आलं आणि गेलं.

"आई," तो म्हणाला, "आज नावं संपली. बाबा झाले, आजोबा पालेआ झाले, पणजोबा होओपिई झाले, त्यांचे वडील झाले. मग पुढे कुणी नव्हतं. नुसता काळोख. मला म्हणायला काही उरलं नाही."

मावशी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. तिने हात अंगातल्या फुलाफुलांच्या झग्याला पुसले.

"संपत नाहीत रे ती," ती म्हणाली. "मी तुला तेवढीच शिकवली होती. मला वाटलं, तेवढी पुरतील."

मग ती इवाकडे वळून म्हणाली, "लाव तुझं यंत्र. माझ्या मागेही ही नावं राहायला पाहिजेत."

इवाने कॅमेरा लावला. मावशीने मुलाचे दोन्ही हात धरले आणि होओपिईच्या वडिलांपासून पुढे सुरुवात केली. एक नाव, मग त्याच्या आईचं नाव, मग त्यांच्याही आधीचं. ती म्हणे, नाहोआ मागून म्हणे, रेजी नुसते ओठ हलवे. नावं मागे मागे जात होती, ज्यांनी हे बेट पहिल्यांदा पाहिलं त्यांच्यापर्यंत, त्याहीपलीकडे पाण्यावरून आलेल्यांपर्यंत. दिवसभर त्या लाटा पाहिलेल्या इवाचे डोळे आत्ता, या स्वयंपाकघरात, तसेच भरून आले.

मधेच खिडकीशी कोंबडा आरवला, चांगला गळा काढून.

मावशी थांबली नाही. नाहोआने पुढचं नाव म्हटलं. इवाने कॅमेरा चालू ठेवला.